'सिंगल'ला 'एकल' म्हणता येईल का?

प्रश्न : केनी रॉजर्स आणि डॉली पार्टन या अमेरिकी गायकांचं 1983 चं 'आयलंड्स इन द स्ट्रीम' म्हणजे 'चार्ट-टॉपिंग कंट्री सिंगल'. याचं मराठी 'अव्वल ठरलेलं ग्रामीण एकल गीत' असं केलं तर?

— 'एकल' नको. हे युगुलगीत आहे, आणि 'एकल' म्हटलं की मराठी वाचकाला एकट्याचं गायन किंवा एकलवादनच आठवणार. सिंगल या शब्दात गायक किती, हा हिशेबच नाही. अल्बमपासून वेगळं, सुटं विकायला काढलेलं गाणं ते सिंगल. तेव्हा अमेरिकेत ते 7 इंची तबकडीवर यायचं. ही तबकडी उलटली की मागे आणखी एक गाणं असायचंच, म्हणजे 'एकल' तिथेही टिकत नाही. 'सुटं गाणं' अर्थाला सगळ्यात जवळ जातं, पण बातमीत सरळ 'सिंगल' लिहावं.

— लिंगाबद्दल : गाणं अभिप्रेत असेल तर 'ते सिंगल', तबकडी असेल तर 'ती सिंगल'. शब्दाची जागाही सांभाळा. 'सिंगल कंट्री गायक' लिहिलंत की तो अविवाहित होतो. 'कंट्री गायकाचं सिंगल' लिहा.

— 'ग्रामीण'ही काढा. 'कंट्री' हे अमेरिकेतल्या एका संगीतप्रकाराचं नाव आहे. हे गाणं रचलं 'बी जीज' या बँडच्या गिब बंधूंनी, म्हणजे ब्रिटिश पॉपवाल्यांनी. त्यात गावाकडचं काय? 'लोकगीत'ही बसत नाही, रचणारे माहीत आहेत. 'बिलबोर्ड' या अमेरिकी संगीत नियतकालिकानं 1944 मध्ये या गाण्यांची क्रमवारी सुरू केली तेव्हा तिच्या नावात 'फोक' होतं. 1949 मध्ये ते जाऊन 'कंट्री अँड वेस्टर्न' आलं. त्यांनीच टाकलेला अर्थ आपण कशाला उचलायचा? 'कंट्री' तसंच राहू द्या.

— राहिलं 'अव्वल'. शब्द उत्तम, पण कशात अव्वल ते लिहिलंच पाहिजे. हे गाणं बिलबोर्डच्या 'हॉट 100' (सगळ्या प्रकारच्या गाण्यांची) आणि कंट्री, दोन्ही क्रमवारींत पहिलं आलं होतं. अलीकडच्या गाण्यांना तर जास्तच जपावं लागतं. ऑक्टोबर 2012 पासून 'हॉट कंट्री साँग्स' या बिलबोर्डच्या कंट्री क्रमवारीत रेडिओसोबत विक्री आणि स्ट्रीमिंगही धरतात, नुसत्या रेडिओची यादी 'कंट्री एअरप्ले' म्हणून वेगळी असते. एकीत पहिलं असलेलं गाणं दुसरीत बरंच खाली असू शकतं.

— मग वाक्य असं करा : 'रॉजर्स-पार्टन यांचं हे युगुलगीत सिंगल म्हणून आलं आणि बिलबोर्डच्या कंट्री क्रमवारीत अव्वल ठरलं.'