वॉचटॉवरचा 'कंट्रोल अँड रेझिस्टन्स' कोणी ऐकलाय का? याची सम (तालाची पहिली मात्रा) कुठेय?

कल्याणस्लो७५२
मंडळी, एक महिना झाला या अल्बमच्या मागे लागलोय आणि आता डोकं फुटायची वेळ आलीय. ऑस्टिन, टेक्ससचा मेटल बँड, वॉचटॉवर. १९८९ चा अल्बम, फक्त आठ गाणी. ड्रीम थिएटर बँडचा ड्रमर पोर्टनॉय, त्याने यांना मानलंय असं कुठेतरी वाचलं म्हणून लावला, म्हटलं तसलंच काहीतरी असेल, मोठे कीबोर्ड, सोलो, मधेच एखादं रडू येईल असं गाणं. कसलं काय! कीबोर्डच नाहीत. गिटार एकीकडे पळतेय, बेस दुसरीकडे, ड्रमरला कोणी सांगितलंच नाही वाटतं कुठलं गाणं चाललंय ते, आणि तरी चौघंही एका क्षणी खाडकन एकत्र येऊन थांबतात. म्हणजे चुकून नाही होत आहे हे.
मी लहानपणी चार वर्षं तबला शिकलोय त्यामुळे खुमखुमी आली की मात्रा मोजायच्याच. काल गाडीत सायन ते ठाणे पेरांवर मोजत बसलो होतो, सात आले, मग पाच, मग परत सात, मग काहीतरी भलतंच. बाजूच्या काकांना वाटलं जप करतोय, उतरताना म्हणाले कुठल्या महाराजांचा नाम घेता? काय सांगणार त्यांना.
तर प्रश्न असा की हा अल्बम ऐकायचा कसा? की मलाच झेपत नाहीये? आणि एवढा भारी आहे तर कोणाच्या तोंडी नाव का नाही?

गिरगावचा_बेसवाला
महाराजांचं नाव डग कीझर सांगायचं, वॉचटॉवरचा बेसवाला 😂
अरे मोजू नकोस. खरंच सांगतो, पहिली पाच-सहा वेळा अजिबात मोजू नकोस. फक्त बेस पकड. बहुतेक मेटल अल्बममध्ये बेस हा गिटारच्या सावलीत झोपलेला असतो, इथे स्पष्ट ऐकू येतो, बोटांनी वाजवलेला, आणि बऱ्याचदा धून त्याच्याकडेच असते, गिटार त्याच्यावर कुरघोडी करत असते. मी या एका माणसामुळे पिक (तारा छेडायची पट्टी) फेकून दिलं. दोन महिने बोटांना फोड होते.

सानपाडा_शेड
मला नाही आवडला, मारा आता मला. वाजवणारे सगळे राक्षस आहेत मान्य, पण तो गाणारा! शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा आठ गाणी ओरडतो. घरात लावला तर आई गॅस बंद करून बघायला आली काय झालं म्हणून.

गिरगावचा_बेसवाला
@सानपाडा_शेड अॅलन टेकिओ आहे तो. पहिल्या अल्बमला, १९८५ च्या 'एनर्जेटिक डिसअसेंब्ली'ला, जेसन मॅकमास्टर होता, तो पुढे डेंजरस टॉइज बँडमध्ये गेला. तोही काही मंद्र सप्तकात गात नव्हता. त्या काळात वरच्या पट्टीत गायचीच पद्धत होती बाबा. आणि खाली एवढी गर्दी असताना त्याने अजून कुठे उभं राहायचं?

दादरचा_म्हातारा_मेटलहेड
या अल्बमबद्दल मराठीत कोणीतरी विचारेल असं वाटलं नव्हतं. वय झालंय, लांब लिहिणार आहे, सहन करा.
कल्याणस्लो, तू तबला शिकलायस म्हणूनच अडकतोयस. आपल्याला सवय आवर्तनाची, म्हणजे तालाच्या पूर्ण चक्राची. कितीही उलटसुलट लयकारी करा, ठेका धरून ठेवलेला असतो, तिहाई (तोच तुकडा तीनदा) पडली की समेवर माना हलतात. इथे आवर्तन पूर्ण व्हायच्या आतच तालच बदलतो, मग परत येणार कुठे? पण रूपक ताल आठव. सात मात्रा, आणि समेवरच खाली, म्हणजे बिनजोराची मात्रा. पहिल्यांदा शिकताना फसवल्यासारखं वाटतं की नाही, जिथे जोर हवा तिथेच मोकळं? आणि एकदा अंगात मुरला की तीच मोकळी जागा गोड लागते. हा अल्बम तसा आहे. रिफ (गिटारची परत परत येणारी धून) मनात गुणगुणता यायला लागली की आकडे आपोआप गळून पडतात. बोल पाठ झाल्यावर कोण मात्रा मोजतं?
दुसरं म्हणजे शब्द वाचून ऐक, नुसती कसरत नाहीये ही. 'मेडे इन कीव्ह' चेर्नोबिलवर आहे. २६ एप्रिल १९८६ ला स्फोट झाला आणि पाच दिवसांनी, १ मेला, कीव्हमध्ये ठरल्याप्रमाणे कामगार दिनाची परेड काढली, पोराबाळांना घेऊन लोक रस्त्यावर. १ मे म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर शिवाजी पार्कचं संचलन येतं, म्हणून मला ते गाणं जरा जास्तच लागतं. आणि रेकॉर्डिंग झालंय बर्लिनला, ज्या वर्षी भिंत पडली त्याच वर्षी. माझं आपलं मत, ती सगळी अस्वस्थता त्या वाजवण्यात आहे.
नाव का नाही? एक तर वेळ चुकली. ड्रीम थिएटरचा 'इमेजेस अँड वर्ड्स' १९९२ ला आला आणि त्याच्यानंतर लोकांना प्रोग मेटल, म्हणजे असलं अवघड तालांचं मेटल, म्हणजे काय ते कळलं, हे बिचारे तीन वर्षं आधी पंगत मांडून बसले होते. दुसरं, पुढे काही आलंच नाही. गिटारिस्ट रॉन जारझॉम्बेकच्या हाताचं दुखणं निघालं, ऑपरेशनं झाली. तिसरा अल्बम 'मॅथेमॅटिक्स' येणार येणार म्हणत आमचे केस गेले, शेवटी २०१६ ला पाच गाण्यांचा 'कन्सेप्ट्स ऑफ मॅथ : बुक वन' आला. बुक टूची वाट बघायची माझी आता ताकद नाही.

सानपाडा_शेड
काका हे पंगतवालं भारी होतं. बरं, देतो अजून एक चान्स. हेडफोन लावून, आई झोपल्यावर.

गिरगावचा_बेसवाला
काका तुम्हाला त्या काळात मिळाला कुठून हा? तेव्हा तर आयर्न मेडनची कॅसेट मिळाली तरी लोक पेढे वाटायचे.

दादरचा_म्हातारा_मेटलहेड
रंगभवनला आय-रॉकच्या (रॉक बँडांच्या महोत्सवाच्या) बाहेर एका पोराची ओळख झाली, त्याचा भाऊ आखातातून डबल डेक टेपरेकॉर्डर आणि कॅसेटी आणायचा. त्याच्याकडून भरून घेतला. माझ्याकडे साठ मिनिटांची एकच कॅसेट होती आणि तिच्या दुसऱ्या बाजूला आईने रेडिओवरून भरलेली नाट्यगीतं. एका बाजूला अख्खा अल्बम मावेना, शेवटची गाणी राहिली. ती मी कितीतरी वर्षांनी कॉम्प्युटरवर ऐकली.

कल्याणस्लो७५२
काका मनापासून धन्यवाद. आज सकाळी न मोजता 'मेडे इन कीव्ह' तीन वेळा ऐकलं, फक्त बेस. तिसऱ्यांदा ते सगळे थांबतात तिथे मीपण थांबलो, मुंब्र्याच्या बोगद्यात, मान हलली आपोआप. मजा आली यार.
पण नाट्यगीतं पुसून बाकीची गाणी भरायचा मोह नाही झाला एकदापण?

दादरचा_म्हातारा_मेटलहेड
झाला ना. रेकॉर्डचं बटण दाबलंही होतं. पहिल्या दहा सेकंदांत आई स्वयंपाकघरातून "अरे माझे छोटा गंधर्व!" म्हणून ओरडली. अजूनही त्या बाजूला आधी दहा सेकंद वॉचटॉवर वाजतो आणि मग छोटा गंधर्व.