पूलचा पंप पाणी धरत नाही: सातारा-सांगलीकरांचे अनुभव

मंडळी, वाई-पाचगणीच्या फार्महाउसपासून सांगलीतल्या सोसायट्यांपर्यंत आता पोहण्याचे तलाव बरेच झालेत. बांधून देणारा शेवटचा हप्ता घेऊन गेला की पंपरूमची किल्ली येते वॉचमनकडे, नाहीतर शेतावरच्या गड्याकडे. मग पंप बसला की पुण्याहून माणूस येईपर्यंत पाणी हिरवं. म्हणून हा धागा. पंपाला काय झालं होतं, कशावरून कळलं, काय केल्यावर चालू झाला, ते लिहा. ‘मेकॅनिक आला आणि करून गेला’ एवढंच लिहू नका, त्यानं काय केलं ते लिहा. आणि मेन स्विच पाडल्याशिवाय पंपाला हात नको. ओली फरशी अन् अनवाणी पाय, हा खेळ नाही.

वाईकर (कृषी पर्यटन)

मे महिन्यात पंप पाणी धरेना. चालू केला की थोडं पाणी यायचं, मग नुसता घरघर आवाज. आधी तलावाची पातळी बघितली. उन्हानं पाणी स्किमरच्या (वरचं पाणी अन् कचरा ओढणाऱ्या खिडकीच्या) तोंडाच्या खाली गेलं होतं, म्हणजे पाण्याबरोबर हवाही ओढली जात होती. टँकर मागवून पातळी वर आणली, तरी तलावात पाणी परत येतं त्या नोझलमधून बुडबुडे येतच राहिले. दोघांनी नवी मोटर घ्यायला सांगितलं.

आमच्या चुलत्यांनी जन्मभर नदीवरच्या मोटरी चालवल्यात. ते पायरीवर बसले, पंपाच्या पारदर्शक झाकणातून बघितलं आणि म्हणाले, “जाळी निम्मीच भरलीय, वर हवा नाचतीय. मोटरला काय धाड भरली नाही, कुठनं तरी वारा घेतीय.” पंप चालू ठेवून त्यांनी येणाऱ्या पाइपच्या एकेका जोडावर तांब्यानं पाणी सोडलं. तेवढं करताना मोटरच्या बाजूला कुणाला फिरकू दिलं नाही. पंपाच्या अलीकडच्या युनियनवर (खोलता येणाऱ्या जोडावर) पाणी पडलं आणि झाकणातले बुडबुडे थांबले. आतली रबरी रिंग दबून चपटी झाली होती. नवी घातली, काम झालं.

ओढणाऱ्या बाजूची गळती डोळ्यांना दिसत नाही ती यामुळे. पंप चालू असताना तिथून पाणी बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते. जोड कोरडा दिसला म्हणजे तो चांगला, असं नाही.

पाचगणीचा बंगला

झाकणाची रिंगही बघत जा. कचऱ्याचा एक कण खाली अडकला तरी हवा शिरते. पुसून सिलिकॉन ग्रीस लावायचं. गाडीचं ग्रीस काही रबरांना फुगवतं.

आमचा त्रास वेगळा, सिल्व्हर ओकची पानं. जाळी रोज साफ व्हायची, तरी फिल्टरवरचा दाबाचा काटा खालीच आणि पाण्याला जोर नाही. शेवटी कळलं की जाळीचा एक कोपरा तुटलाय आणि तिथून पानांचे तुकडे थेट इम्पेलरमध्ये (पाणी फेकणाऱ्या आतल्या चाकात) जातायत. वीज बंद करून जाळी काढली, तारेचा आकडा करून आतून काळा लगदा ओढून काढला. तुटकी जाळी आणखी थोडे दिवस चालवू, असं कुणी म्हणू नका.

विट्याचा वाइंडिंगवाला

लोक मोटर जळाली म्हणून घेऊन येतात आणि निम्म्या वेळा मोटर शाबूत असते. सिंगल फेज मोटर नुसती ‘हूं’ करते, फिरत नाही, मग ट्रिप होते. अशा वेळी लाइट बंद करून मागच्या बाजूनं शाफ्ट फिरवून बघा. मोकळा फिरला तर बहुधा कंडेन्सर (मोटरला सुरुवातीचा जोर देणारा कपॅसिटर) गेलाय. जाम असेल तर इम्पेलर अडकलाय किंवा बेअरिंग धरलंय. कंडेन्सर फुगलेला असला तर लांबूनही दिसतो. मात्र वीज बंद केल्यावरही त्यात करंट राहतो, तो डिस्चार्ज केल्याशिवाय हात लावायचा नाही. हे काम वायरमनलाच करू द्या.

थोडा वेळ चालून गरम होऊन बंद पडत असेल, तर आधी व्होल्टेज मोजा. मीटरपासून पंपरूम लांब आणि केबल बारीक असली की मोटरपाशी व्होल्टेज पडतं, करंट जास्त ओढला जातो आणि मोटर तापते. आम्ही वाइंडिंग करून दिलं तरी ती पुन्हा जळणारच.

सोसायटी सेक्रेटरी, सांगली

तलावाची पातळी रोज उतरत होती. प्लंबर म्हणाला टाइल्सखालून गळतंय, फोडावं लागेल. अंदाजपत्रक ऐकून मीटिंगमध्ये सगळे गप्प! फोडण्याआधी एका सभासदांनी पंप फिल्टरवर चालू असताना वेस्ट लाइनच्या (घाण पाणी बाहेर सोडणाऱ्या पाइपच्या) टोकाला जाऊन बघितलं, तिथून बारीक धार चालू. वॉचमन बदलला होता आणि नवा माणूस पंप चालू असतानाच मल्टिपोर्टचा (फिल्टरमधल्या पाण्याची वाट बदलणाऱ्या व्हॉल्व्हचा) दांडा फिरवायचा. आतली गॅस्केट उखडली होती. ती बदलली, टाइल्स वाचल्या. आता पंपरूमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: आधी मोटर बंद, मग दांडा.

बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं, कधी करायचा हा वादही दाबाच्या काट्यानं मिटवला. फिल्टर स्वच्छ असतानाचा आकडा खडूनं लिहिलाय. त्यापेक्षा 8-10 पीएसआय वर गेला की बॅकवॉश, व्हॉल्व्हवरच्या काचेतलं पाणी निवळेपर्यंत, आणि मग दांडा ‘रिन्स’वर ठेवून थोडा वेळ खळबळणं.

वाळव्याचा शेतकरी

आमच्याकडं थ्री फेज हाय. डीपीचं काम झाल्यावर मोटर चालू, आवाज बरोबर, पर पाण्याला जोरच न्हाई. फेज उलटा झालता, पंप उलटा फिरत हुता. उलटा फिरला तरी थोडं पाणी येतं, म्हणून लवकर ध्यानात येत न्हाई. वायरमननं तीनातल्या दोन वायरी बदलल्या, झालं. मोटरवर बाण असतोय, काम झालं की पंखा त्या दिशेनं फिरतोय का बघायचं.

कृष्णाकाठ, सांगली

2019 च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, आमची पंपरूम बुडाली. पाणी ओसरल्यावर शेजाऱ्यांनी मोटर वरून कोरडी दिसली म्हणून चालू केली, ती तिथंच गेली. आमची आधी खोलून घेतली. गाळ धुतला, वाइंडिंग वाळवलं, मेगरनं (इन्सुलेशन तपासायच्या मीटरनं) तपासलं, बेअरिंग आणि सील नवी घातली, तेव्हा कुठं लाइट दिली. आता पंपाच्या दोन्ही बाजूंना युनियन आहेत. आयर्विनला 40 फूट ही इशारा पातळी. तिथवर पाणी जायची वाट न बघता युनियन सोडून मोटर गच्चीवर नेतो.

मेढ्याची ताई

आमच्या पंपात मोटर आणि पंप जिथं जोडलेत तिथून खाली थेंब पडतात. बाकी पाणी व्यवस्थित आहे. पावसाळा संपेपर्यंत चालवलं तर चालेल का दादा?

विट्याचा वाइंडिंगवाला

नको ताई. ते मेकॅनिकल सील गेलंय. शाफ्टवरून पाणी पुढच्या बेअरिंगपर्यंत जातं, मग किंचाळल्यासारखा आवाज येतो, आणि आत्ता नुसत्या सीलवर भागणारं काम बेअरिंगवर जातं. पंप कधी पाण्याशिवाय फिरला होता का विचारा. कोरडा फिरला की सील तापून चिरतं, ते कारण राहिलं तर नवंही टिकणार नाही. बसवणाऱ्याला सांगा, सीलच्या गुळगुळीत तोंडांना तेलाचे हात लावू नकोस. मोटरच्या पाटीचा फोटो काढून जवळ ठेवा, दुकानदार आधी तोच मागतो.