मदत हवी आहे: निंफच्या अंगावर दोन रंगांच्या तारेची वीण फिरते, पाठ-पोट वेगळं राहत नाही

रिवायंडिंगवाला

नमस्कार मंडळी. साकोलीकडे माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. उन्हाळी धानाला पंप चालू असले की जेवायला फुरसत नसते, पाऊस लागला की दुकान रिकामं. त्या दिवसांत मी फ्लाय बांधतो, म्हणजे गळावर दोरा-तार गुंडाळून केलेला नकली किडा. इथल्या मामा (माजी मालगुजारी) तलावात तिलापिया मासा निंफ, म्हणजे पाण्यातल्या किड्याच्या पिल्लासारखी फ्लाय, बऱ्यापैकी घेतो. बाजूला जाळं टाकणारे ढिवर काका हसतात, पण ते असो.

आता नागपूरचे एक गिऱ्हाईक ट्राउट माशासाठी हिमाचलात तीर्थन नदीवर जातात. त्यांना स्टोनफ्लायचा निंफ हवा आहे. पाठ गडद तपकिरी, पोट पिवळसर, आणि दोन्ही रंग तारेनं विणलेले. रेशमाचं अंग नको म्हणतात, कारण हा किडा दगडाखाली राहतो आणि फ्लाय तळाशी लवकर गेली पाहिजे. तारेचं वजन तिथं कामी येतं.

माझी पद्धत सांगतो. ८ नंबरचा लांब दांडीचा गळ. दांडीवर आधी दोरा, त्यावर शिशाची तार गुंडाळलेली. तपकिरीसाठी दुकानातली ३४ गेजची इनॅमल वायंडिंग वायर, पिवळीसाठी नागपूरच्या दागिन्यांच्या सामानाच्या दुकानातली रंगीत तार. दोन्ही तारा शेपटीजवळ बांधतो, एक डावीकडे, एक उजवीकडे. व्हाइस (गळ धरणारा शिकंजा) फिरवून गळाचा डोळा माझ्याकडे करतो. मग दोन तारांची साधी अर्धी गाठ, तिचा फासा डोळ्यावरून मागे सरकवायचा, तपकिरी वर, पिवळी खाली, आणि दोन्हीकडे ओढायचं.

रेशमाच्या दोऱ्यानं हीच वीण सरळ येते. तारेनं मात्र तीन भानगडी होऊन राहिल्या:

सुरुवातीच्या गाठी बरोबर बसतात, मग दोन रंगांची शिवण एका बाजूनं वर चढायला लागते. छातीपर्यंत पोहोचेस्तोवर पिवळा रंग पाठीवर आलेला असतो.

तपकिरी तार ऐन गाठीतच तुटते. ओढताना नाही, ओढून झाल्यावर हात सैल करायच्या वेळी.

दोन ओळींमधून खालचं शिसं दिसतं. नखानं मागे दाबलं तर इनॅमल खरवडतं.

गाठ हळू घातली, तारेवर मेण लावलं, हातमोजे घालून पाहिले. फरक नाही. दोष हाताचा आहे, तारेचा आहे की खालच्या भरावाचा, एवढंच कळलं तरी पुढचं मी बघून घेईन. "तयार विकत घ्या" कृपया कोणी सांगू नका, तयार घेऊन मी गिऱ्हाइकाला काय देऊ?

गळवाला_पवनी

भाऊ, गांडूळ लावा नं. एवढी तार काहून वाया घालवता?

रिवायंडिंगवाला

गांडूळ आमच्या तलावावर आहेच हो. ही ऑर्डर ट्राउटची आहे.

उलटी_गाठ

दादा, तुम्ही नीट लिहिलंत म्हणून नीट उत्तर देतो.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. अर्धी गाठ घातली की दोन तारा बाजू बदलतात. डावीकडची उजवीकडे जाते, उजवीकडची डावीकडे. म्हणून पुढची गाठ उलट हातानं घालावी लागते: एकदा डावी उजवीवरून, पुढच्या वेळी उजवी डावीवरून. ते चुकलं तर दर दुसऱ्या ओळीत पिवळा वर येतो आणि अंग ठिपक्याठिपक्यांचं दिसतं. तुमचं तसं होत नाहीये, शिवण हळूहळू चढतेय. म्हणजे गाठ घालण्यात खोट नाही.

माझा संशय भरावावर आहे. दांडीवर शिसं गोल गुंडाळलं की अंग गोल होतं. गोल अंगाला कड नसते. गाठ जिथं बसायला हवी ती जागाच नाही, मग ताण ज्या बाजूला जास्त त्या बाजूला ती घसरते. रेशीम मऊ असतं, खालच्या दोऱ्यात रुततं आणि तिथंच राहतं. तार रुतत नाही.

उपाय जुना आहे. अमेरिकेत मोंटानामध्ये जॉर्ज ग्रँट नावाचे फ्लाय बांधणारे होऊन गेले. ते दांडीच्या दोन्ही बाजूंना टाचण्या बांधत आणि त्यावर अंग चढवत, म्हणजे अंग चपटं होई. तुम्ही टाचणीऐवजी शिशाच्या तारेचे दोन सरळ तुकडे घ्या, एक डाव्या कुशीला, एक उजव्या, आणि दोऱ्यानं आवळून बांधा. पुढची-मागची टोकं ब्लेडनं तिरपी कापा, नाहीतर तिथं पायरी पडते आणि पहिल्याच ओळीला फट राहते. वरून सपाट पक्कडीनं हलकं दाबा. आता दोन्ही कुशींना कड तयार झाली. गाठ बरोबर त्या कडेवर बसली पाहिजे, वर नाही, खाली नाही.

ओढतानाही दोन्ही हात गळाच्या पातळीत ठेवा. व्हाइस टेबलाच्या काठाला लावलेला असला की एक हात नकळत खाली जातो.

तुटण्याबद्दल: दोन्ही तारा एकाच जाडीच्या आहेत का?

कोसा_आंधळगाव

मी फ्लाय बांधत नाही, आमच्या घरी कोशाचे माग आहेत. तरी बोलते, कारण प्रकार ओळखीचा वाटतो. एक धागा ताठ आणि दुसरा नरम असला की ताठ धागा सरळच राहतो आणि नरम धाग्याला त्याच्याभोवती वळावं लागतं. दोघांना सारखा ताण दिला तरी झीज नरम धाग्याचीच होते. तुमची तपकिरी तार गाठीत तुटते म्हणजे वळण सगळं तिच्याच वाट्याला येत असेल. पिवळी तार बोटावर गुंडाळून सोडून बघा, उसळते का?

रिवायंडिंगवाला

ताई, उसळते! आणि चांगलीच उसळते. तपकिरी जशी वळवली तशी राहते.

मग मायक्रोमीटर लावला. ३४ गेज म्हणजे उघडं तांबं ०.२३ मिमी, इनॅमलसकट थोडं जास्त. पिवळी ०.२८ निघाली. ब्लेडनं रंग खरवडला तर आत तांबं नाहीच, पितळ आहे.

उलटी_गाठ

सापडलं मग. पितळ तांब्यापेक्षा कडक. ओढताना पितळेची तार तांब्याच्या तारेला एकाच ठिकाणी चापून धरते, तिथं तांबं मोडतं, आणि हात सैल झाला की पितळ उसळून उरलेलं काम करतं. फटीचं कारणही बहुतेक हेच: उसळलेली ओळ पुढे सरकते.

रंगीत तार घेताना दुकानातच टोक खरवडून बघत जा. आत लालसर निघालं तर तांबं, घ्या. पांढरट आणि वजनाला हलकी असेल तर ॲल्युमिनियम. ती वळते छान, पण बुडायला तिचा उपयोग नाही. पिवळसर आणि ताठ असेल तर परत ठेवा.

दोन्ही तारा एका जाडीच्या, दोन्ही नरम तांब्याच्या. ८ नंबरच्या गळाला ३४ चालेल. १२ चा गळ लहान, त्याला ३६ लावा, ती ०.१९ मिमी असते. दिवसभर हाच आकडा हाताळणाऱ्याला गेज मी काय शिकवू!

रिवायंडिंगवाला

वायंडिंग वायरच दोन छटांची मिळते. एका कंपनीचं इनॅमल सोनेरी, दुसरीचं काळपट तांबूस. माझ्याकडे दोन्ही रीळ पडून आहेत. जळालेल्या मोटारीतून काढलेली तार चालेल का? ती तर आणखी नरम असते.

उलटी_गाठ

नरम असते, पण तिचं इनॅमल करपलेलं असतं आणि व्हार्निशचे गोळे चिकटलेले. गाठ फाशातून सरकत नाही. नवीन रिळाचीच घ्या, एका फ्लायला लागते किती? आणि चष्मा लावा. तार तुटली की टोक कुठं उडेल सांगता येत नाही, हे तुम्हाला माहीत असणार.

रिवायंडिंगवाला

अपडेट. चपटा भराव, दोन्ही तारा ३४ गेज तांब्याच्या. शिवण दोन्ही कुशींना सरळ आली, छातीपर्यंत. तार तुटली नाही. फटीसाठी एक गोष्ट केली: दर गाठ ओढण्याआधी दोन्ही तारा किंचित शेपटीकडे तिरप्या धरल्या, आणि आवळताना गळाच्या काटकोनात आणल्या. नवी ओळ मागच्या ओळीला टेकूनच बसते, नख लावावं लागत नाही.

एक राहिलं. सोनेरी आणि तांबूस यात फरक कमी दिसतो, पाण्यात तर आणखीच कमी. पाठीवर काळा परमनंट मार्कर ओढला तर छान गडद झाली, पण वरून नेलपॉलिश लावल्यावर मार्कर पसरून पोटावर आला.

उलटी_गाठ

नेलपॉलिशमधला द्रव मार्करची शाई विरघळवतो. मार्कर पूर्ण वाळू द्या आणि वर यूव्ही रेझिनचा पातळ थर द्या, यूव्ही टॉर्चच्या उजेडाखाली लगेच घट्ट होतो. तोसुद्धा आधी वाया गेलेल्या फ्लायवर लावून बघा, सगळे मार्कर सारखे नसतात. थर फक्त पाठीवर. कुशीवर ओघळला तर विणीच्या खाचा भरतात आणि अंग गुळगुळीत दिसतं, मग विणलं काय आणि गुंडाळलं काय.

नाहीतर क्राफ्टच्या सामानात तांब्याचीच तार काळ्या किंवा गडद तपकिरी रंगात शोधा, पोटाला तुमची सोनेरी ठेवा. जाडी मात्र मोजूनच आणा.

गळवाला_पवनी

फोटो टाका भाऊ. आणि एखादा तिलापियासाठी बांधून ठेवा, येतो मी साकोलीला.