कुळवाडी म्हणजे कुळव चालवणारा का?

परवा खटावकडं एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेले आण्णा म्हणाले, "आमी आपली साधी कुळवाडी माणसं", तर त्यांचा नातू लगेच, कुळव (रानातली ढेकळं फोडायचं औत) चालवतो तो कुळवाडी ओ. मी पण लहानपणापास्नं तसंच धरून चाललोय, कुळवणी करतो म्हणून कुळवाडी. बरोबर हाय का? कुणाला माहीत असंल तर सांगा.

> कुळव ऱ्हाऊ दे दादा, यात कूळ आहे. आणि कूळ म्हंजे नुसतं घराणं न्हाई, जुन्या दप्तरात सारा भरणारा एकेक शेतकरी म्हंजे एकेक कूळ, त्यांचा हिशेब ठेवणारा तो कुलकर्णी. इंग्रजांनी प्रत्येक शेतकऱ्याकडनं वेगळा सारा घ्यायची रयतवारी आणली तिला पण मराठीत कुळवारच म्हणतात. त्यात पण प्रकार होते, वंशपरंपरेनं जमीन ती मिरास (शब्द अरबी, वारसा या अर्थाचा), तिचा धनी मिरासदार, आणि बाहेरनं येऊन कसणारा तो उपरी. आपण कुणाला उपरा म्हणून टोमणा मारतो ना, त्याचाच भाऊबंद.
> घोळ झाला तो पुढं. 1948 चा कूळकायदा आला, मग 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन, कसेल त्याची जमीन, आणि कूळ म्हंजे दुसऱ्याचं रान कसणारा एवढाच अर्थ डोक्यात बसला. म्हणून काहींना कुळवाडी म्हणलं की कमीपणा वाटतो. अरे पण जोतिराव फुल्यांनी 1869 च्या पोवाड्यात शिवाजी महाराजांना कुळवाडीभूषण म्हणलंय! आणि फुल्यांचं मूळ गाव कटगुण, म्हंजे तुमच्या खटाव तालुक्यातलंच, आण्णांच्या नातवाला एवढं तरी सांगा.

> आमच्या मिरजेकडं कुळवाडी कमी, कुणबावा जास्त ऐकलाय. आजी म्हणायची कुणबाव्यात बसून खायाचं नसतं. कुणबी संस्कृत कुटुंबिन् वरनं आलाय म्हणतात, घरदार असलेला. शेतीला अख्खं घर राबतं, मग बरोबरच की.

> बाप रे, एवढं असंल वाटलं नव्हतं. आत्ताच आमचा सातबारा काढून बघितला, त्यात कुळाचे नाव म्हणून जागा आहे अजून. आमची मोकळी आहे. म्हंजे आमी कुळवाडी, पण कूळ न्हाई, आता हे आण्णांना फोनवर कसं समजवायचं...