गुलमोहराखाली उगवलेल्या पांढऱ्या छत्र्या अळंबीच आहेत का?

प्रश्न:
मुलुंड येथील आमच्या सोसायटीच्या आवारात गुलमोहराजवळच्या हिरवळीवर पावसानंतर ताटलीएवढ्या पांढऱ्या छत्र्या उगवल्या आहेत. मध्यभागी तपकिरी खवले, दांड्यावर सैल कडे आणि खालचे पापुद्रे पांढरे आहेत. शेजारच्या काकू मूळच्या संगमेश्वरच्या असून त्यांच्या मते ही गावाकडची अळंबीच आहे. लसणीबरोबर उकळल्यावर लसूण काळी पडली नाही, तर ती खाता येते, असेही त्या सांगतात. त्याच झाडाच्या बुंध्याशी लाकडासारखा कठीण, चकचकीत तपकिरी थर आला आहे. ही दोन्ही काय असावीत?

पहिले उत्तर:
कृपया खाऊ नका. वर्णन क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस या विषारी छत्रीशी जुळते. ती पावसाळ्यात हिरवळीवर उगवते आणि खाल्ल्यास काही तासांतच तीव्र उलट्या व जुलाब होतात. तिचे पापुद्रे कोवळेपणी पांढरेच असतात, आणि फसगत होते ती नेमकी इथेच. पूर्ण उघडलेली छत्री दांडा कापून, पापुद्रे खाली करून पांढऱ्या कागदावर ठेवा, वर वाडगा पालथा घाला आणि सकाळी बीजाणूंचा ठसा पाहा. तो हिरवट आला, तर ती हीच समजावी. मात्र ठसा हिरवा नसला, तरी ती खाण्यायोग्य ठरत नाही. लसूण किंवा चांदीच्या कसोटीला कोणताही आधार नाही. अमॅनिटा वंशातील काही प्रजातींचे विष शिजवूनही टिकते आणि त्याची लक्षणे बहुधा 6 तासांनंतर दिसू लागतात, तोवर यकृताची हानी सुरू झालेली असते. कोणी चुकून खाल्लेच, तर लक्षणांची वाट न पाहता उरलेला नमुना घेऊन रुग्णालयात जावे.

दुसरे उत्तर:
काकूंना एकच विचारावे: दांडा जमिनीत किती खोल जातो? कोकणात आवडीने खाल्ली जाणारी अळंबी वारुळाशी उगवते. तिचा दांडा मुळासारखा निमुळता होत वाळवीने जोपासलेल्या बुरशीपर्यंत पोहोचतो आणि तिचा ठसा गुलाबीसर येतो. तिच्या दांड्यावर असे सुटे, सरकणारे कडे नसते.

तिसरे उत्तर:
मला अधिक काळजी बुंध्याची वाटते. तो थर बहुधा गॅनोडर्माचा असावा, आणि ही बुरशी मुळे व बुंधा आतून कुजवते. थर खरवडून काढल्याने लाकडातील बुरशी जात नाही. झाड वरून हिरवेगार दिसत असले, तरी वादळी पावसात ते उन्मळू शकते. म्हणून महापालिकेच्या उद्यान विभागाकडे तपासणीसाठी लेखी अर्ज करावा आणि तोपर्यंत त्याखाली वाहने लावू नयेत, मुलांनाही तिथे खेळू देऊ नये.