गोवंडीतल्या संस्थेत ओजेटी करावं का?

कोयनाकाठ:
नमस्कार. मी मुंबईत एम.ए. समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे, गाव कराडजवळ. नव्या शैक्षणिक धोरणात आम्हाला ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण) आलंय, 4 क्रेडिट, म्हणजे 120 तास. विभागाच्या यादीतल्या बऱ्याच जागा भरल्या, उरलेल्यांतल्या दोन मला जमण्यासारख्या आहेत. एक अंधेरीला, एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभागात. थोडंफार मानधन, बसून काम. दुसरी गोवंडीला, बैंगणवाडीतल्या एका छोट्या संस्थेत. मुलांची अभ्यासिका, अंगणवाड्यांबरोबरचं काम आणि रेशनकार्ड-दाखल्यांसाठी मदत केंद्र. मानधन नाही, प्रवासखर्च देतात.

मला गोवंडी हवी आहे. पण मी दादरजवळच्या नायगावला मावशीकडे राहते आणि तिने गोवंडीचं नाव ऐकल्यापासून आईला रोज फोन चालू आहेत. सीनियर म्हणतात, अशा ठिकाणी नुसते सर्व्हेचे फॉर्म भरून घेतात. माझं हिंदी टीव्हीवरून शिकलेलं. आणि खरं सांगायचं तर मलाच कळत नाहीये, 120 तासांत मी तिथे जाऊन कुणाच्या काय उपयोगी पडणार? तिथे काम केलेलं किंवा तिथे राहणारं कुणी असेल तर सांगा.

ताळेबंद:
अंधेरी घ्या. मी सीएसआरमध्येच आहे. 2013 च्या कंपनी कायद्यामुळे मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. ती कुणाला मिळते, एखाद्या चांगल्या संस्थेचाही प्रस्ताव का परत जातो, हे आत बसल्याशिवाय समजत नाही. नोकरीच्या मुलाखतीतही ते उपयोगी पडतं. संस्थांना फुकटचे हात हवे असतात, तुमचे सीनियर चुकीचं सांगत नाहीत. वस्तीत काय, नंतरही जाता येईल.

रोड नंबर आठ:
मी इथलीच. बैंगणवाडीत वाढले, बारावीनंतर बालवाडीत शिकवायला लागले. आता एका संस्थेत (तुझ्या यादीतली नव्हे) वस्तीचं काम बघते आणि दरवर्षी येणारी मुलंमुली माझ्याच गळ्यात असतात. ताळेबंद दादांचं फुकटच्या हातांबद्दलचं बोलणं काही संस्थांना लागू आहे, ते मी नाकारत नाही. पण 'नंतरही जाता येईल' म्हणणारे नंतर आलेले मी फारसे बघितले नाहीत.

आधी जागा समजून घे. शिवाजीनगर-बैंगणवाडी आपोआप उगवलेली नाही. सत्तरच्या दशकात शहरातल्या झोपड्या हलवून पालिकेनेच लोकांना इथे आणून बसवलं, म्हणून आमचे रस्ते सरळ आणि त्यांना नंबर. शेजारी 1927 पासूनचं देवनारचं कचऱ्याचं डम्पिंग. रफीकनगरसारख्या वस्त्या त्याच्या कडेकडेने नंतर वाढल्या, तिथे अडचणी जास्त. शहराला आम्ही आठवतो ते जानेवारी 2016 सारख्या वेळी. डम्पिंगला आग लागली, धूर मुंबईभर गेला आणि शाळा बंद ठेवल्या. आम्हाला धूर नवा नव्हता, आमच्याकडे आलेले कॅमेरे नवे होते.

2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात पालिकेच्या 24 वॉर्डांत आमचा एम पूर्व सगळ्यात खाली. हे वाक्य प्रत्येक विद्यार्थ्याच्या रिपोर्टाच्या पहिल्या पानावर असतं, बहुतेक मागच्या वर्षीच्या रिपोर्टातून उतरवलेलं. आकडा खरा आहे. पण तो डोक्यात घेऊन दारात उभं राहिलं की समोरची बाई तुला बाई न दिसता शेवटचा नंबर दिसायला लागते, आणि तिलाही ते लगेच कळतं.

सर्व्हेबद्दल. एकाच गल्लीत एकाच हंगामात दोन-तीन कॉलेजांचे फॉर्म येतात. घरात माणसं किती, कमाई किती, संडासला कुठे जाता. बायका आता प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देतात. एका चाचीने आमच्याकडच्या मुलाला विचारलं होतं, "पिछले साल वाला कागज किधर गया?" तो माझ्याकडे बघायला लागला. संस्थेला तू पहिल्याच भेटीत हेच विचार: फॉर्म भरून घ्यायचे असतील तर कशासाठी, आणि त्यातून काय निघालं ते लोकांना परत कोण सांगणार? उत्तर देताना चुळबुळ झाली तर खुशाल अंधेरीला जा.

तू विचारतेस काय उपयोगी पडणार. 'सबलीकरण' वगैरे विसर. एक काम धर आणि ते सरकारी ऑफिसच्या खिडकीपर्यंत ने. गेल्या उन्हाळ्यात एक मुलगी आली होती, तिने फक्त जन्मदाखले धरले. इथे कितीतरी मुलांच्या दाखल्यात नावाचा रकाना कोरा असतो. बाळंतपण झालं, नोंद झाली, नाव नंतर ठेवलं आणि मग ते राहूनच गेलं. एक वर्षाच्या आत नाव घालायला पैसे पडत नाहीत, नंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. ही गोष्ट आयांना माहीत नसते, त्यांना वाटतं मुदत गेली म्हणजे गेलंच. रकाना कोरा म्हणजे आधार अडतं, आधार अडलं की रेशनकार्डावर पोराचं नाव चढत नाही, आणि धान्य माणशी मिळत असल्याने तेवढं कमी येतं. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्यांना तर शाळाप्रवेशासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार. वर आणखी गंमत अशी की नोंद जन्म झाला त्या ठिकाणच्या वॉर्डात. गोवंडीच्या शताब्दी हॉस्पिटलात बाळंतपण झालं तर आमचा एम पूर्व, सायन हॉस्पिटलला झालं तर एफ उत्तर, राजावाडीला झालं तर एन. बाई रोजंदारी बुडवून चुकीच्या ऑफिसात रांग लावते आणि "यहाँ नहीं होगा" ऐकून परत येते. मग पुढचं वर्षभर जात नाही.

त्या मुलीने काय केलं? कागद बघून कुणाचं काम कुठल्या वॉर्डात ते वेगळं केलं, पहिल्या काही जणींबरोबर स्वतः गेली, खिडकीवर नेमकं काय मागतात ते लिहून घेतलं आणि हिंदीत एका पानावर मोठ्या अक्षरात उतरवलं. ते पान आमच्या मदत केंद्राच्या भिंतीवर आहे, अजून वापरात आहे. तिच्या कॉलेजच्या रिपोर्टात या पानाला किती मार्क मिळाले मला माहीत नाही.

पाणी हा असाच विषय, पण तो 120 तासांत संपणारा नाही, नुसता समजून घे. बरीच वर्षं 1 जानेवारी 2000 नंतरच्या झोपड्यांना अधिकृत पाणी नाही असाच कारभार होता. पाणी हक्क समिती कोर्टात गेली, डिसेंबर 2014 मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की घर अनधिकृत असलं तरी माणसाला पाणी नाकारता येणार नाही. पालिकेचं 'सर्वांसाठी पाणी' धोरण आलं ते 2022 मध्ये. कागद आणि नळ यांत अजूनही अंतर आहे. कॅन आणि ड्रमने पाणी विकत घेणारी घरं तुला भेटतील. आधी ती महिन्याला पाण्यावर किती घालवतात ते विचार आणि मग मावशीच्या घरचं पाण्याचं बिल बघ.

अंगणवाडीत पाठवलं तर नाक मुरडू नकोस. सेविकेला एका हाताने पोराचं वजन घ्यायचं आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकर अॅपमध्ये भरायचं असतं, तिला माणूस हवाच असतो. दंडाचा घेर मोजायची पट्टी लावायला शिकून घे. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या पोराच्या दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरच्या खाली आला तर ते पोर गंभीर कुपोषित. पण हे आईला सांगायचं कसं, ते सेविकेकडून शीक. "तुम्हारा बच्चा कुपोषित है" असं तोंडावर म्हणणाऱ्या मुलीला आमच्याकडे पुन्हा कुणी घरात घेतलं नाही. ती आई जरीकामाच्या कारखान्यातून घरी आणलेलं खडे चिकटवायचं काम मध्यरात्रीपर्यंत करते. तिला दोष दिल्यासारखं वाटलं.

अभ्यासिकेत पोरं चटकन जीव लावतात. 'मी परत येईन' असं बोलू नकोस, शेवटची तारीख पहिल्या दिवशीच सांगून टाक. आणि एखाद्या पोराने काही वाईट सांगितलं, कुणी हात लावतं वगैरे, तर 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नकोस. पॉक्सोमध्ये, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, कळवणं बंधनकारक आहे. त्याच दिवशी संस्थेतल्या तुझ्या ताईला सांग, तूच चौकशी करत बसू नकोस. मुलांच्या हेल्पलाइनचा 1098 नंबर पाठ असू दे.

आता मावशी. इथे नशा आहे, भांडणं आहेत, खोटं सांगणार नाही. पण दिवसाढवळ्या संस्थेच्या बाईबरोबर फिरणाऱ्या मुलीला इथे जेवढं सांभाळतात तेवढं दादर स्टेशनवर कुणी सांभाळत नाही. सुरुवातीला एकटीने गल्लीत शिरू नकोस, अंधारायच्या आत निघ, डम्पिंगच्या बाजूला संस्थेशिवाय जाऊ नकोस. संस्थेत लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती आहे का विचार. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर ती असायलाच हवी, आणि प्रशिक्षणार्थी मुलीलाही तो कायदा लागू आहे. लोकांच्या आधारकार्डांचे फोटो स्वतःच्या मोबाइलमध्ये काढू नकोस. पोरांबरोबर सेल्फीही नको.

हिंदीचं टेन्शन सोड. आमचं हिंदी ऐकलंस तर तुझं टीव्हीवालं फारच शुद्ध वाटेल. शिवाय बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातून आलेली घरंही इथे आहेत, माझी आजी जालन्याची. त्या गल्ल्यांत तुला कराडची म्हणून आधी चहा मिळेल, मग चौकशी होईल.

क्षेत्रकार्यवाले सर:
मी समाजकार्य महाविद्यालयात शिकवत होतो, आता निवृत्त आहे. रोड नंबर आठ ताईंनी सांगितलं त्यात फक्त वेळेची भर घालतो. 120 तास सलग केले तर आठ तासांप्रमाणे पंधरा दिवसांत संपतात, आणि बहुतेक विद्यार्थी सुट्टी वाचवायला तेच करतात. तसं करू नका. एमएसडब्ल्यूची (समाजकार्यातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची) मुलं आठवड्यातले दोन दिवस वर्षभर क्षेत्रकार्याला जातात, त्यामागे कारण आहे. अर्ज आज दिला तर त्याचं काय झालं ते कळायला आठवडे लागतात. पंधरा दिवसांत तुम्हाला फक्त अर्ज दिसेल. दोन दिवसांच्या हिशोबाने हे सात-आठ आठवडे होतात. विभागप्रमुखांशी बोला, सहसा हरकत घेत नाहीत.

रोजनिशी त्याच रात्री लिहा. कोण काय म्हणालं ते त्यांच्याच शब्दांत, 'लोक अज्ञानी आहेत' असली वाक्यं नकोत. असली वाक्यं खोडण्यात माझी लाल शाई बरीच गेली.

थोडं विषयांतर: या शहरात समाजकार्याचं शिक्षणच वस्तीतून सुरू झालं. अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी 1920 च्या दशकात नागपाड्यात नेबरहूड हाऊस चालवायला घेतलं, आणि 1936 मध्ये टाटांच्या पैशातून निघालेल्या समाजकार्याच्या शाळेचे वर्ग तिथेच भरले. आजची टिस, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्था, ती. ती देवनारला आली 1954 मध्ये, म्हणजे बैंगणवाडी वसण्याच्याही आधी.

ताळेबंद:
फॉर्मबद्दलचा प्रश्न आम्ही प्रस्ताव तपासताना विचारत नाही, विचारायला हवा. तरी माझं मत कायम आहे, पैसा कुठून येतो ते कळलं पाहिजे. गोवंडी घेतलीत तर संस्थेचा वार्षिक अहवाल मागून वाचा, शेवटच्या पानांवर जमाखर्च असतो.

कोयनाकाठ:
सगळ्यांचे आभार. सर, विभागात विचारते दोन दिवसांचं. ताई, दोन शंका. मे महिन्यात आले तर दिवसाची कुठली वेळ बरी? आणि मावशी म्हणते, एकदा मला तिथे घेऊन चल, मग ठरवते. आणू का, की ते विचित्र दिसेल?

रोड नंबर आठ:
आण की! पालक बघायला आले तर संस्थेला बरंच वाटतं, न वाटलं तर तेही कळेल. दादरहून स्लो गाडीने कुर्ला, तिथून हार्बर, गोवंडीला उतरून शेअर रिक्षा. बैंगणवाडी सिग्नल सांग.

वेळेचं म्हणशील तर मेमध्ये दुपारी पत्र्याखाली बसवत नाही, बायका दाराच्या उंबऱ्यावर येऊन बसतात, त्यामुळे बोलायला तीच वेळ बरी, पण पाण्याची वेळ सोडून. ती प्रत्येक गल्लीची वेगळी, आधी विचारून ठेव. ऑफिसांचं काम सकाळीच, जेवणाच्या सुट्टीच्या आत. आणि मावशीला चपलेऐवजी बूट घालायला सांग, रोड सहाच्या पुढे गटाराचं काम काढलंय.