आयातशुल्काने सीमेपलीकडचे प्रदूषण रोखता येते का?

प्रश्न : शेजारच्या देशातील कारखान्यांचा धूर आपल्या हद्दीत येत असेल, तर त्यांच्या मालावर जादा शुल्क लावता येईल का, की जागतिक व्यापार संघटनेचे नियम आडवे येतात?

प्रतिसाद १ : नियम आडवे येतात, पण वाट पूर्ण बंद नाही. गॅट या संघटनेच्या मूळ व्यापार कराराच्या कलम २० मध्ये आरोग्यरक्षण व संपुष्टात येणाऱ्या नैसर्गिक संसाधनांचे जतन यांसाठी अपवाद आहेत. मात्र १९९८ च्या कोळंबी-कासव वादात (समुद्री कासवे जाळ्यात मरू नयेत म्हणून अमेरिकेने काही देशांची कोळंबी रोखली होती) संघटनेच्या अपील मंडळाने अमेरिकेचा हेतू मान्य करूनही, निर्यातदार देशांमध्ये भेदभाव झाल्यामुळे तिची अंमलबजावणीची पद्धत नाकारली.

प्रतिसाद २ : मुळात शुल्क मालावर बसते, धुरावर नव्हे. तोच माल तिसऱ्या देशात खपला की धूर जसाच्या तसा! १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने सदस्य नसलेल्या देशांशी ओझोननाशक रसायनांचा व्यापार रोखला आणि कराराबाहेर राहणेच तोट्याचे केले. मला तो मार्ग अधिक परिणामकारक वाटतो.

प्रश्नकर्ता : मग युरोपीय संघाच्या सीमेवरील कार्बन आकारणीचे काय?

प्रतिसाद ३ : तिच्यात पोलाद, सिमेंट, खते अशा मालाच्या उत्पादनात झालेल्या उत्सर्जनानुसार आयातदाराला प्रमाणपत्रे घ्यावी लागतात आणि उत्पादक देशात कार्बनची किंमत आधीच भरली असेल, तर तेवढी वजावट मिळते. पळवाट उघड आहे : विजेच्या भट्टीतले पोलाद युरोपला आणि कोळशावरचे इतरत्र पाठवले, तर कागदावरचा हिशेब सुधारतो, एकूण उत्सर्जन मात्र घटत नाही. शिवाय ही आकारणी हरितगृह वायूंपुरतीच आहे. तुमच्या धुरातील काजळी व गंधकासाठी शेजाऱ्याशी स्वतंत्र करारच करावा लागेल.